अक्षरओळखीची आपली गोष्ट सांगायची कशी? सोलापुरात पहिल्यांदाच सांगायला बसणाऱ्यांसाठी

“माझी कसली आलीय गोष्ट? शाळेत घातलं, शिकलो, संपलं.” तुम्ही वाचायला-लिहायला कसे शिकलात ते सांगा, असं म्हटलं की बहुतेकांचं पहिलं उत्तर हेच असतं. आता त्याच माणसाला विचारा, घरात तेलुगू, शेजारी कन्नड आणि वर्गात मराठी, मग पाटीवर पहिलं अक्षर काढलंत ते कुठल्या भाषेतलं? तो जरा थांबतो, हसतो आणि म्हणतो, “हां, ती एक भानगडच होती.” मग चहा गार होईपर्यंत बोलत राहतो.

ही भानगड नीट सांगता यावी, यासाठी हे मार्गदर्शन. अक्षरओळखीची गोष्ट म्हणजे वाचन-लेखन आपल्या आयुष्यात कुठून शिरलं, कुणाच्या हातून आलं, कुठे अडलं आणि त्याचं पुढे आपण काय केलं, याची हकिगत. अमेरिकेत कॉलेजच्या पहिल्या वर्षाला लेखन शिकवताना असं लिहून घ्यायची पद्धत आहे. तिकडच्या ओहायो स्टेट विद्यापीठाने तर अशा गोष्टींचा संग्रहच उभा केलाय. त्यात कुणीही आपली गोष्ट लिहून, बोलून किंवा व्हिडिओ करून जमा करू शकतो. आपल्याकडे शाळेत ‘माझा आवडता छंद : वाचन’ असा निबंध असतो. ते डोक्यातून काढून टाका. त्या निबंधात पुस्तकं आपले मित्र असतात आणि शेवटी थोर पुरुषाचं एक वाक्य असतं. इथे तसलं काही नको.

सामान म्हणाल तर एक वही, रेकॉर्डिंग होणारा मोबाइल आणि घरातली जुनी कागदपत्रं. हे काम एका बैठकीत होत नाही. आठवड्यातल्या दोन-तीन संध्याकाळी मोकळ्या ठेवा आणि महिनाभराची सवड धरा.

आधी कागद, मग आठवण

आठवत बसलात तर तेच ते आठवेल, जे आजवर दहा वेळा सांगून झालंय. म्हणून सुरुवात कागदांपासून करायची. कपाटातली पिशवी, पत्र्याची पेटी, देवघराच्या खालचा खण, जिथे म्हणून घरातले ‘महत्त्वाचे’ कागद असतात ते सगळे बाहेर काढा.

त्यात हमखास सापडतो तो शाळा सोडल्याचा दाखला. तो आपण आयुष्यभर झेरॉक्स काढून देत असतो, पण वाचलेला कधीच नसतो. आता वाचा. जन्मतारखेच्या रकान्यात एक जून असेल, तर तुमचा वाढदिवस गुरुजींनी ठरवलेला असण्याची शक्यता बरीच आहे. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, मूल सहा वर्षांचं दिसलं पाहिजे, घरच्यांना तारीख माहीत नाही; मग एक जून. अशी एक जूनची मंडळी महाराष्ट्रात गावोगाव आहेत. म्हणजे तुमच्याबद्दल सरकारदरबारी लिहिलं गेलेलं पहिलं वाक्यच कुणीतरी अंदाजाने लिहिलेलं. गोष्ट इथूनच सुरू करता येते.

त्याच दाखल्यात ‘मातृभाषा’ असा रकाना असतो. शहराच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, कितीतरी घरांत आई-वडील आयुष्यभर तेलुगूच बोलले आणि दाखल्यावर मात्र ‘मराठी’ लागलं. ते कुणी सांगितलं? वडिलांनी मुद्दाम सांगितलं, की मास्तरांनी विचारलंच नाही? आणि ‘शाळा सोडल्याचे कारण’ हा रकाना बघा. तिथे ‘पालकांच्या अर्जावरून’ किंवा ‘सतत गैरहजर’ एवढंच असतं. घरात मागावर हात कमी पडत होते, धाकटा भाऊ झाला होता, वडील मिलमधून सुटले होते, यातलं काही तिथे मावत नाही. शेजारीच ‘वर्तणूक : चांगली’. वहीत हे तिन्ही रकाने उतरवून घ्या आणि प्रत्येकाखाली खरं काय होतं ते दोन-दोन ओळींत लिहा. बऱ्याच जणांची निम्मी गोष्ट इथेच हाती येते.

बाकीचे कागद भराभर चाळा. विडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर ते बाजूला ठेवा. या कामगारांच्या मुलांना मिळणारी शिष्यवृत्ती त्याच्यावर मिळते, म्हणजे आईच्या कार्डाचा आणि तुमच्या दहावीचा थेट संबंध असू शकतो. रेशनकार्ड, पासबुक यांवर अंगठा आहे की सही, आणि अंगठ्याची सही कुठल्या साली झाली, ते पाहा. आजोबांचं खरेदीखत मोडीत असेल तर वाचता आलं नाही तरी फोटो काढून ठेवा. नळदुर्ग-उमरग्याकडून सोलापुरात आलेल्या घरांत एखादा उर्दू कागद निघतो, कारण तो मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथे शिकलेले पणजोबा उर्दूत हिशेब लिहायचे आणि नातवाला वाटतं पणजोबा निरक्षर होते.

कागद नसतील तर? तेही लिहा. आणि मग कागदाबाहेरची अक्षरं शोधा. चादरीच्या काठावर विणलेलं कारखान्याचं नाव, दुकानाची पाटी, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, देवळातल्या फरशीवर कोरलेली देणगीदारांची नावं. आयुष्यात पहिल्यांदा आपणहून वाचलेला शब्द पुस्तकातला होता असं सांगणारी माणसं मला फार कमी भेटली.

साल आठवत नसेल तर

आपल्या लोकांना साल विचारलं की गडबड होते. तेव्हा साल विचारूच नका, स्वतःलाही नको. खुणेच्या गोष्टी विचारा. बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर? किल्लारीचा भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट, तेव्हा कितवीत होता? त्या रात्री आपण कुठे झोपलो होतो हे सोलापुरात त्या वयाच्या प्रत्येकाला आठवतं.

शाळेच्याही खुणा असतात. बालभारती १९६७ साली स्थापन झाली. तुमच्या हातात बालभारतीचं पुस्तक होतं की त्याआधीचं, यावरून पिढी कळते. इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं ते २००० साली. त्याआधी मराठी शाळेत एबीसीडी बहुतेकांना पाचवीत भेटली, आणि पाचवीची ती भीती हा एका अख्ख्या पिढीच्या गोष्टीतला ठरलेला प्रसंग आहे. सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये सुरू झालं. त्याआधीच्या पदवीधरांच्या प्रमाणपत्रावर दुसऱ्या विद्यापीठाचं नाव दिसेल. एवढ्या खुणा पुरे. तारखा अचूक करण्यात वेळ घालवू नका, क्रम बरोबर असला म्हणजे झालं.

अक्षर कुणी दिलं आणि त्याला काय हवं होतं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नवखा माणूस गोष्ट सांगतो ती अशी: मी हुशार होतो, आई-वडिलांनी कष्ट केले, अमुक बाईंनी जीव लावला, मी शिकलो. हे सगळं खरं असलं तरी अपुरं आहे. अमेरिकेतल्या साक्षरतेच्या अभ्यासक डेबोरा ब्रँट यांनी विस्कॉन्सिनमधल्या साध्यासुध्या माणसांना ‘तुम्ही वाचायला-लिहायला कसे शिकलात’ असं विचारत हिंडून मुलाखती घेतल्या. त्यांनी १९९८ साली मांडलेला मुद्दा मला फार उपयोगी वाटतो: आपल्याला अक्षर देणारे, शिकवणारे, आणि उलट अडवणारे, हातचं राखून देणारे, असे सगळे शोधा; त्यातल्या प्रत्येकाचा आपल्या वाचण्या-लिहिण्यात काही ना काही फायदा असतो.

हा चष्मा लावून सोलापूरकडे बघा. १८७७ च्या सुमारास जुनी मिल सुरू झाली, मागोमाग बाकीच्या आल्या, आणि तेलंगणातून, कर्नाटकातून, आसपासच्या खेड्यांतून माणसं इथे लोटली. अमेरिकन मराठी मिशनने शाळा काढल्या, त्यामागे धर्मप्रसार होता. आर्य समाजाच्या प्रेरणेने १९४० साली दयानंद कॉलेज आलं, त्यामागे वेगळी तळमळ होती. पद्मशाली समाजाने आपल्या मुलांसाठी शिक्षणसंस्था उभारली, इतर समाजांनी वसतिगृहं काढली. आपली मुलं मागावरून उठून खुर्चीत बसावीत, हा त्यातला साधा हिशेब होता. कामगार संघटनेला सभासद हवे होते, आणि पत्रक वाचता येणारा सभासद जास्त कामाचा. यात कुणाला नावं ठेवायचा प्रश्न नाही. पण ‘मी अमुक शाळेत शिकलो’ याच्या पुढे ‘ती शाळा कुणी काढली, कशासाठी, आणि मी त्यात कसा बसलो’ एवढं एक वाक्य घातलं की तुमची गोष्ट एकदम शहराची होते.

कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, राहणाऱ्या एका मावशींचं सांगणं इथे देतो. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नाही. अक्षरं त्यांना आजही धड येत नाहीत, अंक मात्र पक्के. त्यांचं गणित असं: विड्या वळून कारखान्यात न्यायच्या, तिथला माणूस मोजणार, खराब म्हणून काही बाजूला काढणार, आणि उरलेला आकडा पुस्तकात लिहिणार. मजुरी हजारावर. मावशींना घरी मोजलेला आकडा तोंडपाठ असायचा, पण पुस्तकात काय लिहिलं ते कळत नव्हतं. मग त्यांनी शेजारच्या पोराकडून आधी शून्य शिकून घेतलं. शून्यच का? तर “हजाराला तीन असतात, तेवढी दिसली पाहिजेत ना.” पुढे नऊपर्यंत गेल्या. एक दिवस पुस्तकात आठाचा सहा झालेला दिसला आणि त्यांनी तिथल्या तिथे बोट ठेवलं. त्या दिवसापासून लिहिणारा आकडा मोठ्याने बोलून लिहायला लागला.

आता या गोष्टीत शिक्षक कोण? पोरगा तर आहेच. पण आकडा लिहिणारा तो माणूसही आहे, ज्याला मावशींनी शिकू नये हेच सोयीचं होतं. असा माणूस तुमच्याही गोष्टीत कुठेतरी असणार. त्याला शोधा. तो नेहमी वाईटच असतो असं नाही. कधी तो ‘पोरीच्या जातीला काय करायचंय’ म्हणणारी प्रेमळ आजीही असते.

आणि एक अवघड प्रश्न स्वतःला विचाराच: मी शिकलो तेव्हा माझ्यामुळे कुणाची शाळा सुटली? थोरल्या बहिणीने विड्या वळल्या, कांड्या भरल्या आणि त्या पैशावर धाकट्या भावाची फी गेली, हे सोलापुरातल्या घराघरांत घडलेलं आहे. भावाच्या गोष्टीत ती बहीण बहुधा एका ओळीत येते, ‘ताईनेही खूप केलं’ अशी. त्या ओळीवर थांबा. ताई कितवीत होती? तिची पाटी पुढे कुणी वापरली? ताई हयात असेल तर तिलाच जाऊन विचारा. तुमच्या गोष्टीचा नायक बदलला तर बदलू द्या.

चार रकान्यांचा तक्ता

वहीच्या मधल्या पानावर चार रकाने आखा: ऐकून कळते, बोलता येते, वाचता येते, लिहिता येते. डाव्या बाजूला भाषा लिहा. तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू किंवा दखनी, हिंदी, इंग्रजी, अरबी, जे लागू असेल ते. आणि खुणा करा.

जनगणनेच्या लेखी साक्षर म्हणजे सात वर्षं किंवा त्यावरचा माणूस, ज्याला कुठल्यातरी एका भाषेत समजून वाचताही येतं आणि लिहिताही येतं. नुसतं वाचता येत असेल तर तो निरक्षर. या व्याख्येने तुमचा तक्ता तपासलात तर कितीतरी गोष्टी रकान्याबाहेर पडतात. कुराण अरबीत घडाघडा वाचणारी, पण अर्थ न कळणारी आजी. कन्नड वचनं तोंडपाठ असलेले आजोबा, ज्यांना कन्नड अक्षर एक येत नाही. तेलुगूत दिवसभर बोलणारा, पण मामाला मोबाइलवर तेलुगू मेसेज इंग्रजी अक्षरांत पाठवणारा तरुण. लग्नपत्रिका तेलुगूत छापायची आणि नावं नीट आली की नाही हे बघायला शेजारच्या म्हाताऱ्यांना बोलवायचं, ही वेळ आज किती घरांवर येते!

एसटी स्टँडवर जरा वेळ उभं राहिलात तरी हे दिसेल. इंडी, विजापूर, कलबुर्गीकडे जाणाऱ्या कर्नाटकच्या गाड्यांवर कन्नड पाट्या असतात. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडचा माणूस त्या सहज वाचतो. शहरातला मराठी शाळेत शिकलेला पदवीधर कंडक्टरला विचारतो. त्या फलाटावर निरक्षर कोण?

तक्ता भरून झाला की एकच रकाना निवडा, जिथे खूण करताना तुमचा हात अडखळला. ‘वाचता येते’ म्हणू की नको, असं जिथे वाटलं तिथे. गोष्ट तिथेच असते.

आधी सांगा, लिहायचं नंतर

थेट लिहायला बसू नका. लिहायला बसलं की आपण सगळे एकदम ‘तदनंतर’ आणि ‘बालवयातच’ व्हायला लागतो. आधी कुणालातरी सांगा आणि रेकॉर्ड करा.

कुणाला सांगायचं याने फार फरक पडतो. नातवंडाला सांगितलीत तर गोष्टीत उपदेश शिरतो. जुन्या मित्राला सांगितलीत तर अर्ध्या गोष्टी ‘तुला माहीतच आहे’ म्हणून गळतात. माझ्या मते सगळ्यात चांगला श्रोता म्हणजे तुमच्या भाषेत बोलणारा, पण तुमच्या घरातला नसलेला, तुमच्याहून बराच लहान माणूस. जागा शांत हवी. पूर्व भागात माग चालू असताना घरात रेकॉर्डिंग होत नाही, खटखटीखाली शब्द बुडतात. वीज नसेल तेव्हा किंवा सुट्टीच्या दिवशी बसा. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन वेळी कुणाचातरी फोन येणारच.

तुम्ही श्रोते असाल तर प्रश्न लहान ठेवा. आजीला “अव्वा, तुझ्या शिक्षणाविषयी सांग” म्हटलं की अव्वा म्हणणार, “माझं कुठलं रे शिक्षण.” त्याऐवजी “अव्वा, तुला सही कुणी शिकवली? कशावर लिहून दाखवली होती?” असं विचारा. पाटी, जमीन, तव्याची काजळी, वर्तमानपत्राची कडा. वस्तू आली की प्रसंग येतो. ती गप्प राहिली तर तुम्हीही राहा. मध्ये बोलून वाक्य पुरं करून देण्याची आपल्याला फार सवय आहे.

भाषा? ज्या भाषेत आठवतं त्या भाषेत सांगायचं. मध्येच तेलुगूत गेलात तर जाऊ द्या.

लिहिताना

रेकॉर्डिंग ऐकून जसंच्या तसं उतरवून घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण हाच कच्चा माल. मग त्यातला एकच प्रसंग निवडा. पहिल्यांदाच लिहीत असाल तर दोन-तीन पानांच्या वर जाऊ नका, आणि ‘माझा जन्म’ या शब्दांनी सुरू करू नका. प्रसंगाच्या मधूनच शिरा: पुस्तकावर बोट ठेवलं तिथून, शून्य शिकलं तिथून.

सोलापुरी बोली पुसून टाकू नका. ‘वाचूलालो’ म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडी ‘वाचत आहे’ घातलं की माणूसच बदलतो. निवेदन तुमच्या नेहमीच्या मराठीत ठेवा, बोलणं मात्र जसं झालं तसं. तेलुगू-कन्नड वाक्य देवनागरीत लिहा आणि त्याचा अर्थ पुढच्या वाक्यात ओघाने येऊ द्या. बोलण्यात जागोजागी येणारा सोलापुरी ‘बे’ काढायचा मोह होईल. राहू द्या.

सांगून झाल्यावर मागे वळून बघणं

बहुतेक जण वरच्या टप्प्यावर थांबतात. पण आपली गोष्ट सांगताना आपण काय केलं हे बघणं, हा या उद्योगातला मला सगळ्यात रसाचा भाग वाटतो. किमान आठवडा जाऊ द्या. मग रेकॉर्डिंग लावा, लिहिलेली पानं समोर ठेवा आणि पेन्सिलने खुणा करत जा.

कशाच्या खुणा? बोललो पण लिहिलं नाही, ते. लिहिलं पण बोललोच नव्हतो, ते. हसलो कुठे. भाषा बदलली कुठे. आवाज खाली आला कुठे. ‘आपण’, ‘माणूस’, ‘लोक’ असे शब्द ‘मी’च्या जागी आले कुठे.

एका निवृत्त मागकामगाराच्या दोन वाक्यांचं उदाहरण देतो, त्यांच्या परवानगीने. लिहिलेल्या पानात होतं: “मास्तर फार कडक, पण त्यांच्या छडीमुळेच आम्ही घडलो.” रेकॉर्डिंगमध्ये मात्र ते वाक्य होतंच, आणि त्यानंतर जरा वेळाने, दुसऱ्याच विषयावर बोलताना, तेलुगूत एक वाक्य होतं: वर्गात तेलुगूत बोललं की छडी बसायची, म्हणून मी वर्षभर बोललोच नाही. वर्षभर! हे पानावर नव्हतं. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवल्यावर ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “मास्तरांचा मुलगा आमच्या गल्लीत राहतो की.” मग त्यांनी ते वाक्य घातलं का? नाही घातलं. पण गोष्टीच्या शेवटी वेगळा कागद जोडला, त्यात लिहिलं की इथे एक गोष्ट मी गाळली आहे, आणि गाळायचं कारण भीती नसून शेजार आहे. मला तो कागद मूळ गोष्टीइतकाच मोलाचा वाटतो.

तुम्हीही असा एक कागद लिहा. त्याला ‘सांगताना काय झालं’ असं साधं नाव द्या. गोष्ट पहिल्यांदा कुणाला सांगितली, दुसऱ्यांदा कुणाला, आणि मधे काय बदललं. काय गाळलं आणि का. कारण सांगायचं नसेल तर निदान गाळलं आहे एवढं. कुठली आठवण तुमची स्वतःची आणि कुठली आईने सांगून सांगून तुमची झालेली. कशाची लाज वाटली. लाज हा शब्द लिहायला जड जातो, पण अक्षरओळखीच्या गोष्टीत ती कुठेतरी असतेच: नापास झाल्याची, उशिरा शिकल्याची, इंग्रजी न येण्याची, आणि कधी कधी आईच्या अंगठ्याची.

आणखी एक तपासा. तुमची गोष्ट सत्कार समारंभातल्या परिचयासारखी तर झाली नाही ना? ‘अत्यंत हलाखीच्या परिस्थितीतून शिक्षण घेऊन आज ते...’ हा साचा आपल्या कानात इतका बसलाय की साधी माणसंही स्वतःचं आयुष्य त्यात ओततात. त्या साच्यात शिक्षणाने सगळं भलंच होतं. खरं तर शिकल्यामुळे काही गोष्टी सुटतातही: घरची भाषा, वडिलांसोबत मागावर बसायची सवय, आईशी बोलायचे विषय. त्या लिहिल्यात म्हणजे शिक्षणाविरुद्ध बोललात असं होत नाही.

ज्यांची गोष्ट ‘जिंकलो’ अशी संपत नाही त्यांनी तर जरूर सांगावी. प्रौढ वर्गात जाऊन शिकले, नवसाक्षर म्हणून प्रमाणपत्रही मिळालं, आणि वाचायला काही हाताशी नसल्यामुळे पुन्हा सगळं पुसलं गेलं, अशी माणसं आहेत. सध्या पंधरा वर्षांवरच्यांसाठी ‘उल्लास’ हा केंद्राचा साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी चालू आहे. त्यात परीक्षा देऊन आलेल्या सासूबाई-आजी तुमच्या ओळखीत असतील. त्यांना निकालाबद्दल विचारू नका. परीक्षेनंतर त्यांनी पहिल्यांदा काय वाचलं ते विचारा.

दुसऱ्यांची नावं

तुमची गोष्ट तुमची असली तरी तिच्यात ताई आहे, मास्तर आहेत, वडिलांची दारू असेल, कुणाची जात असेल. घराबाहेर वाचून दाखवायची असेल तर हयात माणसांना आधी वाचून दाखवा. नाव नको म्हणाले तर नाव काढा, प्रसंग काढायची गरज बहुधा पडत नाही. ज्याने नाही म्हटलं त्याच्यावर दोनदा दबाव आणू नका. दुसऱ्याची गोष्ट रेकॉर्ड करत असाल तर ती कुठे जाणार आहे हे सुरुवातीलाच सांगा आणि तो होकारही रेकॉर्डिंगमध्ये येऊ द्या.

ठेवायची कुठे, वाचायची कुठे

पहिलं वाचन घरातच करा, सगळे जमतात तेव्हा. सिद्धेश्वराच्या म्हणजे गड्ड्याच्या यात्रेला जानेवारीत पाहुणेरावळे येतातच, ती वेळ चांगली. गल्लीतल्या चार-पाच जणांच्या गोष्टी जमल्या तर त्या एकत्र टाइप करून, झेरॉक्स काढून, स्टेपल करून जवळच्या वाचनालयात एक प्रत द्या. हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी वाचनालयं शहरात आहेत. जाऊन विचारायला काहीच हरकत नाही. शाळेत द्यायची असेल तर त्याच शाळेत द्या जिथे तुम्ही शिकलात.

रेकॉर्डिंगच्या फाइलला नाव देताना सांगणाऱ्याचं नाव, तारीख आणि भाषा लिहा. नुसतं ‘आजी नवीन’ असलं की वर्षभराने कुठली आजी ते कळत नाही. मोबाइल बदलताना अशा फाइली सगळ्यात आधी हरवतात, म्हणून एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक घरातल्या दुसऱ्या कुणाच्यातरी फोनवर ठेवा. ‘सांगताना काय झालं’ हा कागद गोष्टीला टाचून ठेवा, वेगळा नको. घराबाहेर द्यायच्या प्रतीला तो जोडायचा की नाही हे तुम्ही ठरवा, पण घरच्या प्रतीला तो असलाच पाहिजे.